एरंडेल प्यालेली सीट

आमच्या घरात माणसांच्या डोक्याला लागलं नसेल एवढं तेल सायकलच्या सीटला लागलं. शिवाजी पेठेत रस्त्याला लागून आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सायकलचं दुकान होतं आणि त्याच्या पाठीमागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मधे एक दार होतं, पण ते लागलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यामुळे भाकरीला ग्रीसचा वास यायचा आणि पंक्चरच्या सोल्युशनला खर्ड्याचा. सकाळी पहिल्यांदा तालमीतल्या पोरांचे हुंकार ऐकू यायचे, मग दुकानाच्या फळ्या काढल्याचा आवाज, मग पंपाची धाप, आणि मग आबा. आबांचा आवाज सुरू झाला की बाकीचे सगळे आवाज गप्प व्हायचे. चाकाची आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला बसले की ते एकेका तारेवर पाना आपटून कान द्यायचे. कुठली तार ढिली आणि कुठली जास्त ताणलेली हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. माणसांच्या बाबतीत मात्र तो कान त्यांनी कधी वापरला नाही.

वडिलांनी मला कधी हात लावला नाही, असं सांगितलं की लोक कौतुकानं बघतात. हात लावायची त्यांना गरजच नव्हती. गिऱ्हाईक सायकल घेऊन आलं की ते चारचौघांत म्हणायचे, "पावणं, सायकल हुईल वो दुरुस्त, पर चालवणाऱ्याचं काय करायचं?" गिऱ्हाईक हसायचं, कारण न हसून जाणार कुठं? पेठेत दुसरं एवढं चांगलं काम कोण करत नव्हतं. माझ्याबद्दल त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "ह्याला जन्माला घालण्यापरास एक टायर घेतलं असतं तर धा वर्सं चाललं असतं." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आजही नवीन टायरचा वास आला की मला स्वतःची लाज वाटते. सहासष्ट वर्षांचा म्हातारा टायरच्या दुकानापुढून मान खाली घालून जातो, हे बरं दिसत नाही, पण जातो.

आबांचं प्रेम होतं ते चपलांवर. कापशी बांधणीची, जाड तळाची, चालताना करकर वाजणारी त्यांची चप्पल होती. दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून ते ती चप्पल मांडीवर घेत आणि वाटीत एरंडेल घेऊन बोटानं जिरवत बसत. आतून, बाहेरून, अंगठ्याच्या खाचेतून. तेल पिऊन पिऊन ते कातडं मऊ व्हायचं आणि आबांच्या पायाचा ठसा घेऊन बसायचं. नवी चप्पल चावली म्हणून कुणी तक्रार केली की आबा त्याच्याकडं कीव करत बघायचे. "चावायलाच पायजे. त्यल पाजायचं आणि घालायची. म्हैन्यानं पायाची हुती." चपलेच्या बाबतीत हे अगदी खरं होतं. चूक एवढीच झाली की त्यांनी हेच सायकलच्या सीटला लावलं. त्या वेळी शर्यतीच्या सायकलींना जाड कातड्याची सीट असायची, पुढच्या नाकापासून मागच्या पट्टीपर्यंत ताणून बसवलेली, आणि नाकाखाली ताण कमीजास्त करायला एक बोल्ट. आबांच्या लेखी ती चप्पलच होती, फक्त ढुंगणाची. शनिवारी चपला झाल्या की उरलेली वाटी सीटवर उपडी व्हायची.

सायकली दोन होत्या. एक माझी, एक आनंदाची. आनंदा माझा चुलतभाऊ, माझ्याहून दीड वर्षानं थोरला. त्याचा बाप तो पाच वर्षांचा असताना गेला, आई माहेरी गेली ती परत आलीच नाही, आणि आबा त्याला खांद्यावर बसवून गावाकडून घेऊन आले. हे आबांच्या नावावर जमा केलंच पाहिजे. आनंदा घरात वाढला तो पाय न वाजवता. भाकरी कमी पडली तर पोट भरलं असं तोच आधी म्हणायचा. पाणी भरायचं असलं की तो आधी उठायचा. आणि सायकलवर बसला की मात्र त्याला कुणाची पर्वा नसायची. पाठ सपाट, मान खाली, पाय असे फिरायचे की बघणाऱ्याला वाटावं यात काही कष्टच नाहीत. आबा फळीवर बसून त्याच्याकडं बघायचे आणि मग माझ्याकडं बघायचे. बोलायचे नाहीत. त्या दोन बघण्यांच्या मधे मी वाढलो.

मला आनंदाचा राग यायचा. हे लिहायला आता काही वाटत नाही, कारण त्यापुढं जे लिहायचंय त्याच्या मानानं राग ही साधी गोष्ट आहे. तो माझ्या आईच्या हातचं खायचा, माझ्या बापाचं बघणं खायचा, आणि वर माझ्याशी चांगला वागायचा. माझी साखळी पडली तर थांबून बसवून द्यायचा. आबांनी त्याला दुधात जास्तीचं अंडं फोडून दिलं तर अर्धं दूध माझ्या पेल्यात ओतायचा. वाईट वागला असता तर मला सोपं गेलं असतं.

आमच्या तालमीचं सायकलचं पथक होतं आणि त्या वर्षी जिल्ह्याच्या संघासाठी तालमीतून एकच जण घेणार होते. जो त्या संघात जाईल त्याला नोकरी ठरलेली, असं सगळे धरून चालले होते, आणि आधीच्या दोघांना लागलीही होती. निवड एका शर्यतीवर. कोल्हापुरातून निघायचं, कागलवरून निपाणी गाठायची आणि परत यायचं. पथकात पोरं पुष्कळ होती, पण पेठेत कुणालाही विचारलं असतं तर त्यानं दोनच नावं सांगितली असती, आणि माझं दुसरं सांगितलं असतं. आनंदाला ती नोकरी का हवी होती, हे त्यानं मला एकदा पंचगंगेच्या घाटावर पाय पाण्यात सोडून सांगितलं होतं. "नोकरी लागली की सवताची खोली घ्यायची. कवा बी उठायचं, कवा बी जेवायचं. कुणाच्या आदी न्हाय, कुणाच्या मागनं न्हाय."

आबांचे शर्यतीचे कायदे दोन. पहिला, सीट सोडून उठायचं नाही. "उठून पायडल मारायचं काम दूधवाल्याचं. त्याच्या मागं क्यान असत्यात. तुमच्या मागं काय हाय?" दुसरा, त्यांनी बसवलेल्या सीटला कुणी पाना लावायचा नाही. बोल्ट ताणला की कातडं मरतं, असं त्यांचं ठाम मत होतं. हे दोन कायदे आणि शनिवारचं एरंडेल यांचं मिळून काय झालं ते आता कुठलाही शहाणा माणूस सांगेल. तेल पिऊन पिऊन कातडं सैल पडलं. मधे खोलगट झालं, नाक वर आलं. बसलं की माणूस त्या खड्ड्यात जायचा आणि सगळा भार मधल्या मऊ जागेवर यायचा. आधी मुंग्या यायच्या. मग जळजळ. मग काहीच नाही. अर्ध्या-पाऊण तासानं कमरेखालचा तेवढा तुकडा आपल्या अंगाला नसल्यासारखा व्हायचा, आणि उतरल्यावर जीव परत येताना सुया टोचायच्या. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला त्या जागी काहीच लागेनासं झालं की त्याच्या डोक्यात काय येतं ते सांगायला नको. तालमीत खांदा, पोटरी, मांडी, मनगट, सगळ्यावर तास तास बोलणं चालायचं. या जागेचं नाव शिवी देतानाच निघायचं.

गेल्या महिन्यात माझी नात सई नाश्त्याला बसली होती. ती इंजिनिअरिंगला आहे आणि पोहणं-सायकल-पळणं अशा तिहेरी स्पर्धेची तयारी करते. पोह्याची ताटली पुढ्यात, सून समोर, मुलगा पेपर वाचतोय, आणि ही म्हणते, "आजोबा, तासभर सायकल चालवली की खाली सगळं सुन्न पडतंय. सीटचं काहीतरी चुकतंय, बघा की जरा." माझ्या हातातला चमचा थांबला. जे वाक्य आम्हा दोन पोरांच्या तोंडून बाहेर पडायला एक आख्खं वर्ष गेलं, ते ती शेव मागावी तसं बोलून गेली. मुलानं पेपरातून मानही वर केली नाही. मला तिचा हेवा वाटला आणि पाठोपाठ भीती वाटली, कारण त्याच वेळी दारात दुधाचा कॅन वाजला होता. पण ते शेवटी सांगतो.

मी आबांना एकदा सांगून पाहिलं होतं, अगदी चाचपडत. सीट रुततेय म्हणालो. "रुततीया? बरं. आणि त्यल लावू." त्यांनी लावलं. खड्डा आणखी खोल झाला.

मग एके दिवशी दुपारी आबा आत जेवत असताना दुकानात एक माणूस आला. बेळगावकडचा, रापलेला, पन्नाशीचा, सायकलवरून कुठं कुठं देवाला जाणारा. त्याची एक तार तुटली होती. मी नवी घालून आऊट काढत होतो, तोवर तो दुकानात हिंडत माझ्या सायकलीजवळ गेला, सीटवर अंगठा दाबला आणि मोठ्यानं हसला. "तम्मा, ही सीट हाय का पाळणा? ह्याच्यावर बसून तुला खाली काय लागतंय का न्हाय?" माझं तोंड उतरलेलं बघून त्याला उत्तर मिळालं. त्यानं पाना मागितला. मी आतल्या दाराकडं बघितलं. आबांच्या ताटात भात पडल्याचा आवाज आला, म्हणजे अजून वेळ होता. त्यानं नाकाखालचा बोल्ट दोन आटे आवळला, अंगठ्यानं दाबून बघितलं, अजून अर्धा आवळला. दुकानातली लाकडी पट्टी सीटवर आडवी ठेवून नाक खाली आणलं, पट्टी जमिनीला समांतर होईपर्यंत. सीट बोटभर खाली घेतली. मला बसवलं. "बसायचं दोन हाडांवर. मधल्या मऊ जाग्यावर न्हाय, ती जागा देवानं बसायला दिल्याली न्हाय. आणि शंभर पायडल बसून मारलं की ईस पायडल उभं ऱ्हाऊन. रगत खाली जाऊ दे की रे." मग तो दुसऱ्या सायकलीकडं बघून म्हणाला, "ही तुझ्या जोडीदाराची? त्याला बी सांग." मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कळंब्यापर्यंत जाऊन, तलावाला वळसा घालून परत आलो. मुंग्या आल्या नाहीत. पायांत इतकं बळ आलं की मला रडू यायचं बाकी राहिलं. इतकी वर्षं मी कमी ताकदीचा नव्हतोच, मी फक्त खड्ड्यात बसलो होतो. परत येताना मी ठरवलं होतं की आनंदाला सांगायचं. खरंच ठरवलं होतं. दुकानाशी आलो तर आबा फळीवर बसलेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आनंदा कुठं ऱ्हायला?" बस्, एवढंच. मी सायकल आत लावली, सीटवर वरून थोडं एरंडेल चोळलं, दिसायला ती आधीसारखी दिसावी म्हणून, आणि गप्प बसलो. पुढं दर शनिवारी मी आबांच्या हातातली वाटी घेऊन म्हणायचो, माझ्या सीटला मीच लावतो. त्यांना वाटलं, पोरगं सुधारलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बरं बघितलं ते या लबाडीबद्दल.

शर्यत आठ दिवसांवर आली असताना आनंदानं मला मागच्या हौदाजवळ गाठलं. मी तोंड धूत होतो. तो बराच वेळ बादली उगाच विसळत राहिला.

"दिन्या, एक इचारू? हासणार न्हाईस न्हवं?"

"इचार की."

"सीटवर अर्धा तास झाला की मला खाली काय कळंना झालंय. लघवीला गेलं तरी हुतीया का न्हाय ते खाली बघून कळतंय. उतारल्यावर बी लई येळ तसंच." तो माझ्याकडं बघत नव्हता. बादलीकडं बघत होता. "तुझं बी तसंच हुतंय का रं?"

माझ्या तोंडावर पाणी होतं. ते पुसायला मी पाहिजे त्याहून जास्त वेळ घेतला. मला उत्तर सुचलं नाही असं नाही. दोन्ही उत्तरं मला स्पष्ट दिसत होती, आणि मी त्यातलं एक निवडलं.

"न्हाय बा. मला काय बी हुत न्हाय."

 मग मी, दिनकर, काही गरज नसताना पुढं म्हणालो, "आबांस्नी सांग. त्यल लावत्यात."

आनंदानं आबांना सांगितलं. काय शब्दांत सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्या संध्याकाळी आबांनी त्याची सीट काढून मांडीवर घेतली आणि वाटी दोनदा भरली. किती मायेनं लावत होते ते! त्यांना आनंदाला जिंकवायचं होतं. मी चुलीजवळ बसून बघत होतो आणि आई माझ्या ताटात कोरड्यास वाढत होती. ती म्हणाली, "तुला बी लावून घे की." मी म्हणालो, मला नको.

शर्यतीच्या दिवशी आबा तालमीच्या टेम्पोतून मागं-पुढं होते. आनंदा कागलपर्यंत सगळ्यांच्या पुढं. मी त्याच्या मागं, त्याच्या सावलीतून. टेम्पो पुढं गेला की मी उभा राहून वीस पायडल मारायचो, टेम्पो दिसला की बसायचो. आनंदा एकदाही उठला नाही. निपाणीहून वळल्यावर मी बघितलं, तो सीटवर डावी-उजवीकडं सरकत होता, जागा शोधत होता. पुढं वाकला की नाक रुतायचं, मागं सरकला की खड्डा ओढून घ्यायचा. टेम्पोतून आबा ओरडत होते, "बूड हालवू नको! बूड हालवू नको!" मग तो हलायचा थांबला. पायांतलं बळ मात्र कमी कमी होत गेलं. शेवटच्या चढाला मी त्याच्या शेजारी आलो. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा उभा होतो, टेम्पो असून उभा होतो, आणि आबा काही बोलले नाहीत, कारण मी पुढं जात होतो.

मी पहिला आलो. तो दुसरा. नाक्यावर तालमीची पोरं, पेठेतली माणसं, हलगी, गुलाल. मला खांद्यावर घेतलं. आनंदा सायकलवरून उतरला आणि हँडल धरून उभा राहिला, दम घेत. त्याची चड्डी पुढून ओली होती, मांडीवरून ओघळ मोज्यापर्यंत गेला होता, आणि त्याला ते कळलं नव्हतं. तो माझ्याकडं बघून हसत होता. खरं हसत होता, मला शाबासकी द्यायला हात वर करत होता. आधी एक पोरगं हसलं. मग हलगी थांबली. लोक जिकडं बघतायत तिकडं त्यानंही बघितलं, आणि तो वर केलेला हात तसाच राहिला.

मी खांद्यावर होतो. सगळ्यांच्या वर. कुणीतरी खालून ओरडलं, "आनंदाला झालं काय?" आणि गुलाल तोंडात गेलेला असताना मी म्हणालो, "त्याचं खालचं मेलंय. त्योच सांगत हुता." लोक मोकळेपणानं हसले. मीही हसलो. आजपर्यंत माझ्या कुठल्याही बोलण्यावर एवढी माणसं हसलेली नाहीत.

त्याचं दुखणं पंधरा दिवसांत गेलं. सायकल सोडली आणि गेलं, एवढं साधं होतं ते. नाव गेलं नाही. त्या दिवसापासून पेठेत तो बधिऱ्या झाला. लहान पोरं तालमीच्या कट्ट्यावरून हाक मारून पळायची. पुढं त्याच्यासाठी गडहिंग्लजकडचं एक स्थळ आलं. मुलीचा बाप चांगला होता, बैठक झाली, आईनं शिरा केला. माणसं उठून चौकशीला पेठेत गेली ती परत आली नाहीत. दुसरं स्थळ आलं तेही असंच गेलं. तिसरं आबांनी बघितलंच नाही. आबा त्याच्याशी वाईट वागले असंही नाही. त्यांनी त्याच्याकडं बघायचं सोडून दिलं. एवढ्या तेलाचं चीज झालं नाही, असं एकदा गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकलं. आई मात्र शर्यतीच्या रात्रीपासून आनंदाला आधी वाढू लागली आणि मला नंतर. एकदाच तिनं विचारलं होतं, "तुला काय म्हाईत हुतं काय रं?" मी नाही म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि वाढायचा तो क्रम ती जाईपर्यंत बदलला नाही.

मला नोकरी लागली. चांगली नोकरी होती. त्या नोकरीच्या जिवावर मी लग्न केलं, घर बांधलं, मुलगा शिकवला. आनंदा कळंब्याला गेला, कुणाच्या तरी गोठ्यात राहिला, मग स्वतःच्या दोन म्हशी केल्या. लग्न झालं नाही. आणि तीसेक वर्षं झाली, आमच्या घरी दूध तोच घालतो. सायकलवरून, मागं दोन बाजूंना कॅन लावून. मोटारसायकल घे म्हटलं तर हसतो. दारात उभा राहून हाक मारतो, "दिनकरराव, दूध!" सकाळचा पहिला चहा आमच्याकडं पितो, पण पायरीवर बसून. आत ये म्हटलं तर म्हणतो, पायाला शेण हाय.

त्या दिवशी सईनं पोहे खाता खाता जे सांगितलं ते त्यानं पायरीवरून ऐकलं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आण गं सायकल भाईर." ती घेऊन आली. तिच्या सीटवर मऊ, लिबलिबीत जेलचं कव्हर चढवलेलं होतं. आनंदानं त्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"हे बी त्यल पाजल्यालंच की," तो म्हणाला. "काढ हे. मऊ दिसतंय, पर माणूस आत जातोय आणि सगळा भार मधी येतोय. बसायचं दोन हाडांवर, बाळ. नाक वर झालंय बघ, पट्टी आण." तिनं फूटपट्टी आणली. त्यानं सीटवर आडवी ठेवून नाक सरळ केलं, सीट बोटभर खाली घेतली, तिला बसवलं, पाय पुरता लांब होतोय का बघितलं. "आणि शंभर पायडल बसून, ईस उभं ऱ्हाऊन. रगत खाली जाऊ दे."

 तेच शब्द, तोच क्रम. सई खूश होऊन म्हणाली, "आनंदा आज्जा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"एक पावणा यायचा बेळगावकडचा, देवाला जाणारा. लई वर्सांनी कळंब्याला माझ्या गोठ्यावर उतारला हुता. त्येनं सांगितलं." मग त्यानं कपबशी पायरीवर ठेवली. "तुझ्या आज्ज्याला समदं माझ्या आदीपासनं म्हाईत हाय. त्यो सांगत न्हाय."

सई हसली, तिला ती थट्टा वाटली. ती सायकल घेऊन चक्कर मारायला गेली. मुलगा-सून आत होती. मी पायरीवर त्याच्या शेजारी बसलो. आमच्यात वीतभर अंतर होतं. 

"मग त्या पावण्यानंच सांगितलं व्हय तुला? माझ्याबद्दल?"

"त्येनं काय सांगायचं? मला तवाच म्हाईत हुतं." तो शांतपणे बोलत होता. "हौदावर तुला इचारलं न्हवं का? त्याच्या आदी सकाळी तुझी सीट दाबून बघितल्याली. टणक लागली. बोल्टाव पान्याचं वळ हुतं."

"मग तू बी आवळायचा की रं! तुला कोण अडवत हुतं?" मी जवळजवळ ओरडलो. इतक्या वर्षांनी मी त्याच्यावरच चिडलो, असला मी.

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर झटकली. "तू आवळला तर आबांचं पोरगं. मी आवळला असता तर घराभाईर. तू म्हणला असतास आपून दोघं आवळू, तर आवळला असता." तो उठला, कॅनचं झाकण दाबून बघितलं. "म्हणून तर इचारलं हुतं. मला वाटलं, सांगशील."

मी त्याच्या दंडाला धरायला हात पुढं केला, पण तो सायकलीकडं वळला होता. पोरीला दूध जास्त पायजे आता, अर्धा लिटर वाढवून ठेवलंय, उकळून घ्या, असं सांगून त्यानं सायकलला टांग मारली. आमच्या घरापुढं रस्ता थोडा चढाचा आहे. भरले कॅन मागं घेऊन, सत्तरीला आलेला तो माणूस थोडा वेळ बसून पायडल मारत गेला आणि वळणाच्या आधी सीटवरून उठला. मी मोजत होतो. वीस झाल्यावर तो पुन्हा बसला.